तीस किलोंची साडेसाती

"दुर्बीण काढून टाकतोय गं. बावीस तारखेला, सोमवारी एक जण बघायला येणार आहे. त्याच्या आधी तुला एकदा वापरायची असेल तर बोल."

मामाचा फोन आला तेव्हा मी एका कॉफी शॉपमध्ये बसून थर्टी फर्स्टच्या पार्टी लुकवर आठशे शब्द पाडत होते. मी म्हटलं, "बघू मामा, कळवते." म्हणजे नाही. फ्रीलान्सरच्या डिक्शनरीत 'बघू'चा दुसरा अर्थ नसतो. पण फोन ठेवल्यावर लिपस्टिकच्या शेडवर काही लक्ष लागेना. ती दुर्बीण म्हणजे माझं लहानपण होतं. बदलापूरच्या गच्चीवर मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं तिच्यापुढे रांग लावायचो. मामा बटणं दाबायचा, मोटर घर्र करायची आणि मामी मांडीवर फुलस्केप वही घेऊन कुणी काय बघितलं ते लिहायची. २०१८ मध्ये मामी गेली. त्यानंतर पेटी कुणी उघडलीच नाही. मामाचे गुडघे बोलायला लागले, गच्चीच्या चारी बाजूंना टॉवर उभे राहिले, आणि आता तो पुण्याला लेकीकडे राहायला निघालाय. तिथल्या फ्लॅटमध्ये मामासाठी जागा आहे, दुर्बिणीसाठी नाही.

अर्ध्या तासाने मीच उलटा फोन केला. शनिवार, २० डिसेंबर २०२५. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, म्हणजे रात्रभर चंद्राची कटकट नाही. जागा मामाने सांगितली : रतनवाडी, भंडारदऱ्याच्या पलीकडे.

सोबत माझी रूममेट आली. ती एका कंपनीत एचआरला आहे, तेव्हा इथे तिला एचआरच म्हणू. तिच्या डोक्यात ट्रिपची कल्पना वेगळीच होती (गिटार, शेकोटी, इन्स्टा). मामाने गाडीची मागची सीट पाडून पेटी आत सरकवायला सांगितली तेव्हा तिला पहिला धक्का बसला. नुसती नळी आणि तिला दोन्ही बाजूंनी धरणारे हात मिळून तीस किलो. तिपाई वेगळी, साधारण नऊ किलो. "काका, यात बॉडी आहे का?" असं ती म्हणाली आणि मामा बऱ्याच दिवसांनी खो खो हसला.

आता थोडं या बयेविषयी. अकरा इंची, म्हणजे २८० मिलिमीटर व्यासाची. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. चाळीसपट व्यास म्हणजे प्रकाश सोळाशे पट जास्त. पुढे काच, तळाला मोठा आरसा, पुढच्या काचेच्या मधोमध एक छोटा आरसा. प्रकाश आत तीन फेऱ्या मारतो, म्हणून २.८ मीटर नाभीय अंतर असलेली दुर्बीण जेमतेम दोन फुटांच्या नळीत मावते. बुडाशी दोन मोटर, एक कॉम्प्युटर, एक जीपीएस आणि वायरला लटकलेला एक रिमोट. त्याच्या पोटात हजारो तारे, तारकागुच्छ, दीर्घिका यांचे पत्ते भरलेले. नाव निवडायचं, बटण दाबायचं, ती आपसूक तिकडे वळते. मामाने २००६ च्या सुरुवातीला घेतली, तेव्हा एवढ्या पैशांत सेकंडहँड कार आली असती. मामी त्यावर काय बोलली होती ते घरात सगळ्यांना पाठ आहे, पण इथे छापण्यासारखं नाही.

२०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, त्यामुळे घाट टाळता येतो. पण मामाला कसारा घाटच हवा होता आणि घाट चढून वर गेल्यावर चहा. घोटीला उजवीकडे वळलं की गाडीतली बडबड आपोआप कमी होते. बारी गावावरून जाताना डावीकडे कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक. मग शेंडी आणि प्रवरेवरचं विल्सन धरण. ते १९२६ मध्ये पुरं झालं, म्हणजे आता शंभरीला टेकलंय. तिथून जलाशयाला वळसा घालत वीसेक किलोमीटर गेलं की रस्ता संपल्यासारखा वाटतो, तिथे रतनवाडी. अमृतेश्वराचं कोरीव देऊळ, मागे रतनगड. देवळात पाच मिनिटं थांबलो, कारण मामाची नजर सारखी सूर्याकडे. तिपाई उजेडातच लावायची, हा त्याचा पहिला नियम.

वाटेत दुसरा धक्का मला बसला. पाण्याच्या काठाने तंबूच तंबू! डिसेंबरातला शनिवार, अख्खी मुंबई-पुणे पब्लिक इथे. एलईडीच्या माळा, स्पीकर, एका ठिकाणी तर आकाशात फिरणारा लेझर. लोक तीन-चार तास ड्राइव्ह करून तारे बघायला येतात आणि आल्या आल्या लाइट लावतात. आमच्या होमस्टेचे दादा शहाणे निघाले. त्यांनी गावाच्या टोकाला भात कापलेलं रिकामं खाचर दाखवलं. पश्चिमेला डोंगर, पूर्वेला बऱ्यापैकी मोकळं. फक्त तीनशे पावलांवर शेजारच्या कॅम्पचा एक भलामोठा हॅलोजन.

"रात्री बोलू त्याच्याशी," दादा म्हणाले.

तिपाईचे पाय उघडले, मधल्या पातळी-बुडबुड्यात बघून एकेक पाय खालीवर केला. मग लिफ्टिंग. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला एचआर, आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला मामा क्रेन ऑपरेटरसारखा ओरडतोय : "डावीकडे! अगं, तुझं नाही, तिचं डावीकडे! खालची खाच त्या खिळ्यावर बसली पाहिजे." तिसऱ्या प्रयत्नात खट्ट आवाज आला. तीन बोल्ट आवळले. जिमला वर्षाचे पैसे भरून मी कधी एवढी घामाघूम झाले नव्हते.

तासभर तिला तशीच उघड्यावर थंड होऊ द्यायचं. नळीतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गरम असली तर आतल्या आत वाफाळते आणि तारे चहाच्या कपावरून बघितल्यासारखे हलतात. तोवर दूरच्या एका खांबावर नेम धरून बाजूची छोटी शोधक दुर्बीण मोठीशी जुळवून घेतली. हे काम अंधारात करायला गेलं तर रडू येतं. मामाने बाहेर काढली मामीची योगा मॅट. ती गुंडाळून नळीच्या तोंडावर पुंगळीसारखी बसवली. पाण्याजवळ रात्री दव इतकं पडतं की तासाभरात पुढची काच आंधळी होते. बाजारात याची तयार टोपी मिळते, मामीने जुनी मॅट कापून शिवली होती. टॉर्चला लाल जिलेटिन कागद. पांढऱ्या उजेडाने डोळ्यांची वीस-तीस मिनिटांची मेहनत एका क्षणात वाया जाते, लालने तेवढी जात नाही. या कारणासाठी एचआरचा मोबाइल जप्त झाला. तिने चक्क फारसा विरोधही केला नाही.

बॅटरी सात वर्षांत मेलेली होती, त्यामुळे वायर गाडीच्या चार्जिंग सॉकेटला. साडेसात वाजले. काळोख असा उतरला की माझा हात मला दिसेना. डोक्यावर थोडा दक्षिणेकडे शनी, ईशान्येला ब्रह्महृदय, पूर्वेला तांबूस रोहिणी. रिमोट पेटला. पद्धत सोपी आहे. कॉम्प्युटरला आकाश ओळखता येत नाही, ते आपण दाखवायचं. कोणतेही तीन ठळक ठिपके एकामागून एक बरोबर मध्यावर आणायचे, आणि शेवटचा धक्का कायम वर आणि उजव्या बाणानेच द्यायचा, म्हणजे गिअरमधली ढिलाई निघून जाते. तिन्हींमधल्या अंतरांवरून ती हिशोब करते की आपण कुठे बघतोय.

शनी. ब्रह्महृदय. रोहिणी. एंटर.

जुळत नाही.

परत केलं. जुळत नाही. तिसऱ्यांदा मामा खुर्चीतून उठला, गुडघा धरून माझ्यापर्यंत आला, स्वतः नेम धरला. जुळत नाही. कुणीच काही बोलेना. तिकडे हॅलोजनवाल्या कॅम्पमधून 'झिंगाट' सुरू झालं होतं. मला वाटलं, संपलं. सात वर्षं पेटीत राहून बिघडली, आणि सोमवारच्या माणसाला आता भंगाराच्या भावात जाणार. मामाचं तोंड मला अंधारात दिसत नव्हतं, हे बरं होतं.

"तारीख बघ काय दाखवतीये," तो म्हणाला.

मी मेन्यू चाळला. जागा बरोबर. वेळ बरोबर. तारीख : ६ मे २००६.

मामा आयुष्यभर टेलिफोन खात्यात होता. त्याला दोन मिनिटं लागली. जीपीएसचे उपग्रह आपल्याला तारीख देत नाहीत, आठवड्याचा नंबर देतात. त्या नंबराला जुन्या पद्धतीत दहाच बिट, म्हणजे १०२४ आठवडे झाले की मीटर परत शून्यावर. तो ६ एप्रिल २०१९ च्या रात्री शून्यावर गेला. नवीन रिसीव्हर सावरले, बरेच जुने एक हजार चोवीस आठवडे मागे पडले. २०१९ मध्ये आमची दुर्बीण पेटीत होती, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही. ती बिचारी प्रामाणिकपणे २००६ च्या मे महिन्यातलं आकाश शोधत होती. तेव्हा शनी कर्क राशीत होता. आम्ही तिला दाखवत होतो मीन आणि कुंभेच्या सीमेवरचा. कशी जुळणार?

"२००६ चा मे," मामा म्हणाला. "तू तिसरी पास झाली होतीस. सगळे जमला होतात गच्चीवर." थोडं थांबून म्हणाला, "आमरस केला होता हिने." मग एकदम कामाला लागला.

जीपीएस बंद केलं. आता सगळं हाताने भरायचं. या रिमोटवर महिना आधी, तारीख नंतर. आणि टाइम झोनच्या यादीत फक्त पूर्ण तास. आपला साडेपाचातला अर्धा तास तिथे नाहीच! मामाची जुनी युक्ती : झोन ग्रिनिचचा निवडायचा आणि घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे. आठ वाजून दहा मिनिटं, म्हणजे चौदा चाळीस. परत शनी, ब्रह्महृदय, रोहिणी. एंटर.

जुळलं!

एचआरने मारलेली किंकाळी रतनगडावर ऐकू गेली असेल. मी यादीतून शनी निवडला. घर्रर्र. तोच आवाज. नळी वळली, थांबली. "आधी तू," मामा मला म्हणाला. मी म्हटलं, "नाही, तू."

तो बराच वेळ डोळा लावून उभा होता.

मग माझी पाळी. फोटोतल्या शनीसारखा शनी मला दिसला नाही. एक फिकट पिवळी गोळी, आणि तिच्या आरपार सुई टोचल्यासारखी बारीक रेघ. २०२५ च्या मार्चमध्ये पृथ्वी शनीच्या कड्यांच्या पातळीतून गेली, त्यामुळे हे वर्षभर कडी जवळजवळ आडवी, कडेवरून दिसत होती. कधी तेरा-चौदा, कधी पंधरा-सोळा वर्षांनी असं होतं. "२००९ लाही अशीच होती," मामा म्हणाला. "पुढच्या वेळी २०३८ उजाडेल." हिशोब त्याने मोठ्याने केला, आणि आम्ही दोघांनीही पुढचं वाक्य बोलायचं टाळलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते, कारण आमच्या पानांवर ती सहसा कुणी सांगत नाही. मोठी दुर्बीण आणली की सगळं मोठं आणि रंगीत दिसतं, हा गैरसमज आहे. देवयानी दीर्घिका लावली. पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर. एचआरने बघितलं आणि म्हणाली, "काच पुसायची राहिलीये." तिला दिसला तो करडा धुरकट डाग. दीर्घिका आकाशात चंद्राच्या पाच-सहापट रुंद आहे आणि आमच्या सत्तरपट भिंगातून जेमतेम चंद्राएवढं आकाश मावतं, म्हणजे फक्त तिचा गाभा. मामाने दोघींना दुर्बिणीपासून बाजूला केलं आणि साध्या डोळ्यांनी वर बघायला सांगितलं. तिथे ती होती, लांबट, पुसट. डोळे आता सरावले होते. कृत्तिका वेगळ्या मोजता येत होत्या. उत्तरेला नाशिकच्या बाजूने आभाळ खालून थोडं उजळलेलं, तेवढं सोडलं तर बाकी सगळीकडे तारे नुसते सांडलेले. मी ठाण्यात राहते, माझ्या खिडकीतून बऱ्या रात्री सात मोजते.

साडेनऊला दादा शेजारच्या कॅम्पवाल्याशी बोलून आले. डील अशी ठरली : तो हॅलोजन आणि गाणी दोन तास बंद ठेवणार, आम्ही त्याच्या पब्लिकला दुर्बिणीतून दाखवणार. तीसेक जण आले. बर्थडे गँग, दोन फॅमिली, नवरा-बायको भांडून आलेले असावेत असं एक कपल. गुरू आता डोंगराच्या वर आला होता. त्याचे पट्टे आणि एका ओळीत बसलेले चंद्र बघून एक गृहस्थ मला म्हणाले, "मॅडम, आत स्टिकर लावलंय ना?" मी त्यांना मिनिटभर तिथेच उभं केलं आणि मोटर बंद केली. गुरू सरकत सरकत बाहेर गेला. पृथ्वी फिरते हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं, पण ती एवढी धावते हे त्यांना तेव्हा पटलं. मोटर चालू केली, नाव निवडलं, परत आणला. त्यानंतर ते रांगेत तीनदा आले.

दादांची आई काठी टेकत आली. मृगाकडे बोट करून म्हणाली, "तिकांडं वर आलं." पट्ट्यातले तीन तारे, म्हणजे व्याधाने हरणाला मारलेला बाण. तिला दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ दाखवला. करडा-हिरवट, पंख पसरल्यासारखा, मधोमध चार ताऱ्यांची चिमुकली चौकट. आजीने बघितलं, मान हलवली आणि विचारलं, "हे रोज असतं?"

आणि मग बर्थडे बॉय मागे सरकताना तिपाईला अडखळला. सॉरी सॉरी, कोरस. दुर्बीण पडली नाही, पण तिपाई दोन इंच हलली म्हणजे सगळी जुळणी गेली. मी वळून मामाकडे बघितलं. तो खुर्चीत शाल लपेटून बसला होता आणि उठायचं नाव काढत नव्हता.

"कर ना," तो म्हणाला. "मी आहे इथे."

अकरा वाजले होते. शनी पश्चिमेला कलून डोंगरात चाललेला, तो आता उपयोगाचा नव्हता. ब्रह्महृदय सापडलं, खूप वर चढलेलं. रोहिणी, तीही सापडली. तिसरा? तिकांड्याची रेघ खाली ओढत गेले आणि व्याध दिसला, लखलखीत. बुडबुडा मध्यावर आणला. अकरा पाच वजा साडेपाच, सतरा पस्तीस. वर, उजवीकडे, एंटर. तीस लोक श्वास रोखून उभे आहेत असं मला वाटलं, खरं तर अर्धे पांगून बिर्याणीकडे गेले होते.

जुळलं. पहिल्या झटक्यात.

पब्लिक गेल्यावर आम्ही तिघंच उरलो. दादांच्या घरून तांदळाची भाकरी, पिठलं आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा आला होता, तो तिथेच बांधावर बसून खाल्ला. योगा मॅट ओलीचिंब झाली होती, पण काच कोरडी. (तुम्हाला तीस किलो न उचलता हे करायचं असेल तर मुंबईत खगोल मंडळ आहे, पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. आणि सुट्टी मोठी असेल तर पेंच. २०२४ च्या जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातल्या पहिल्या 'डार्क स्काय पार्क'चा दर्जा मिळाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, अमावास्येच्या आसपासचा वीकेंड पकडा, आणि स्वेटरवर अजून एक स्वेटर.)

एकच्या सुमाराला मामाने पेटीच्या झाकणातल्या कप्प्यातून फुलस्केप वही काढली. शेवटची नोंद फेब्रुवारी २०१८ ची, मामीच्या अक्षरात. खाली अर्धं पान कोरं. त्याने पेन माझ्या हातात दिलं. मी लाल टॉर्च दातांत धरली.

"तारीख घाल. जागा घाल. घड्याळ साडेएकोणीस वर्षं मागे होतं, तेही लिही." मग जरा विचार करून, "शनी : कडं सुईएवढं. बघणारे : पस्तीस."

रविवारी दुपारी परतताना कसारा घाटात त्याने विचारलं, "मग सोमवारच्या माणसाला काय सांगू?" एचआर मागे पेटीला टेकून झोपली होती. माझं घर वन बीएचके, भाड्याचं, सातवा मजला. गच्चीला कुलूप, किल्ली सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरीशी माझं पार्किंगवरून वाजलेलं. गाडी माझ्याकडे नाही. एवढं सगळं मी मामाला ऐकवलं. तो नुसता "हं" म्हणाला.

घरी पोचल्यावर मी एचआरच्या शिवणाच्या डब्यातून टेप काढली आणि लिफ्टचं माप घेत उभी राहिले. वॉचमनकाका बघत होते.

"फ्रीज येतोय का, मॅडम?"

"फ्रीजपेक्षा जड आहे काका," मी म्हटलं. "जरा ते दार धरता?"